नेम

पहाटे साडेचारला बाबा दारात उभे, बूट घालून.
फडक्यात पाव, कच्च्या बाकल्याच्या शेंगा, खारट चीजचा तुकडा.
"उशीर झाला," म्हणाले. उशीर झाला नव्हता.
तेहतीस वर्षं फेरीबोटीवर दोर बांधले-सोडले त्यांनी,
मेसिनाहून पलीकडे, पलीकडून मेसिनाला.
वेळेआधी पोचणं हाच धर्म.

डोंगरमाथ्यावर वारा बेताचा.
खाली सामुद्रधुनी, समोर कालाब्रिया,
इतकं जवळ की तिथलं वाळत घातलेलं धुणं दिसावं.
मागे एटना, दिवसाची पहिली विडी ओढत.

दुर्बीण माझ्याकडे. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
त्यांच्या मुठीत मोजायचं यंत्र, दाबलं की टक् करणारं.
मी बघायचं, त्यांनी दाबायचं, असं ठरलेलं.
पण पहिला ठिपका त्यांनाच दिसला.
"भोवत्या."
कशावरून?
"पंख बघ. ओले हात वाळवत असल्यासारखे वर धरलेत."

नऊपर्यंत अकरा.
मग वेडे राघू, दिसण्याआधी ऐकू आले,
उकळी फुटण्याआधी पाणी बोलतं तसे.
राघू आमच्या यादीत नाहीत,
तरी बाबांनी टोपी काढली.
खालच्या बदामांत एक हळद्या शीळ घालून गप्प झाला.

मग तास-दीड तास काहीच नाही.
वाऱ्याचा काही नेम नाही.

बसलो होतो ते सिमेंटचं खुराडं त्यांनीच बांधलेलं,
कोझिमोकाकांबरोबर, मी जन्मले त्या वर्षी.
भिंतीत आडवी फट, बंदुकीची नळी फिरेल एवढी.
तिथे आता माझा थर्मास.

इकडे म्हणायचे, वसंतात जो मोहोळघार पाडत नाही
त्याची बायको घरात टिकत नाही.
बाबांनी त्या वर्षी सात पाडल्या.
आई जूनमध्ये गेली,
तोरिनोला, एका चष्मेवाल्याबरोबर.
पेंढा भरलेली घार अजून कपाटावर आहे,
काचेचा एक डोळा हरवलेली.

शेंगा सोलताना त्यांनी विचारलं,
"तुझी आई बघते का गं पक्षी?"
म्हटलं, तिच्या बाल्कनीत कबुतरं येतात.
"कबुतरं," ते म्हणाले,
आणि बराच वेळ तेच चघळत बसले.

दोन वाजून वीस.
मागच्या खिंडीतून आल्या. पन्नास, ऐंशी,
मग आकडे माझ्या तोंडात मावेनात.
मोहोळघारी, एकीच्या वर एक,
पंख न हलवता आभाळात जिना चढत,
आणि वर पोचल्यावर एकेक सुटी होऊन
समुद्रावरून घसरत पलीकडे.
टक् टक् टक् टक्.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं.
यंत्रावर अंगठा. पण तर्जनी,
ती वेगळीच वाकत होती, हवेत,
प्रत्येक टक्-च्या जराशी आधी.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.
"पाखरावर नाही धरायचं," दुसरीकडे बघत म्हणाले,
"ते जिथे असणार, तिथे.
म्हणून तर मला आधी कळतं."
मी दुर्बिणीची काच पुसली. ती स्वच्छ होती.

उन्हं कलली. कालाब्रियाचे डोंगर गुलाबी झाले.
लेत्तेरिओ सान्तोरो, वय एकोणऐंशी,
गुडघे चोळत उठणार तेवढ्यात
एक शेवटची आली, आमच्याही खालून,
शेपटीतलं एक पीस गळालेली, दमून पंख मारत.
त्यांनी दाबलं नाही.
"ही?" मी विचारलं.
"पलीकडे पोचली की."

ती पाण्यावर गेली. बारीक झाली.
निळ्यात तीळ, मग नुसतं निळं.
"पोचली?"
मला ती केव्हाच दिसेनाशी झाली होती.
"पोचली," मी म्हटलं.
टक्.

वहीत माझ्या सहाशे बारा, त्यांच्या यंत्रात सहाशे तेरा.
उतारावर गाडीत आम्ही यावरून भांडलो,
खाली फेरीबोटीचे दिवे लागेपर्यंत.